पर्लकोटेपलीकडची खोली

वत्सला,

तू गेलीस तेव्हा पर्लकोटेला पूर होता. त्यामुळे तू गेलीस ही गोष्ट कितीतरी दिवस फक्त नदीच्या या तीरावर खरी होती. पलीकडे आलापल्लीत, अहेरीत, तुझ्या आरमोरीकडच्या गावात तू जिवंतच होतीस. तुझा भाऊ धानाच्या बांधीत चिखल तुडवत असेल आणि मनाशी म्हणत असेल, आपली वत्सी आता पोरींकडून पाढे म्हणून घेत असेल. मला त्याचा हेवा वाटायचा. रोज काठावर जाऊन त्या गढूळ पाण्याकडं बघायची आणि वाटायचं, हे उतरूच नये. उतरलं की तू तिकडंही मरशील.

आता पाणी उतरलंय. भाऊ येऊन गेला. सगळ्यांना कळलं. लोक म्हणतात, नर्सबाईंनी मोठा धीर धरला. मी काही धरलेलं नाही, वत्सला. माझ्या हातात धरायला काही उरलेलंच नाही. म्हणून तुझ्याशी बोलत बसले आहे.

आपण दोघी एकाच बैलबंडीतून इथं आलो तो दिवस आठवतो का ग? मी नर्स, तू मास्तरीण. मला नवऱ्यानं टाकलेलं, तू नकळत्या वयात विधवा झालेली. भामरागडकडं जायला कोणी तयार नव्हतं आणि आपल्याला ‘जाऊ नको’ म्हणणारं कोणी नव्हतं. राहायला मिळाली ती एक खोली. पूर्वी तिथं हिरडा साठवायचे. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आत इतका तुरट वास की डोळ्यांतून पाणी यायचं. मी ट्रंकेवर बसून रडायला लागले. तू मात्र पदर खोचून भिंतीभिंतीनं फिरत होतीस, वितीनं मोजत होतीस. फिरून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस.

“नर्सबाई, दोन बायका अन् एक खोली. भांडणं तं होतीलच. पयले भांडाची जागा ठरवू.”

“भांडाले जागा लागते?” मी नाक पुसत विचारलं.

“लागते नं. घरात भांडलं का ते भिंतीले लागून राह्यते, मंग निंगत नाई. आपण ओट्यावर भांडू. आत आलं का खतम.”

रडता रडता मी हसले. माझ्या सासरच्या घरात भांडायला सगळं घर होतं आणि बसायला कोपरा नव्हता, हे तुला मी पुष्कळ पुढं सांगितलं. पण त्या दिवशी तुला ते कसं कळलं असेल, याचं अजून नवल वाटतं.

आणि मग कितीतरी दिवस तू मला काही लावूच दिलं नाहीस. ट्रंका ओट्यावर, औषधांची खोकी ओट्यावर, आपण दोघी रिकाम्या जमिनीवर. मी चिडायची. “थांब नं बापा,” तू म्हणायचीस, “पाहू तं दे, ऊन कुठून येते, हवा कुठून येते, पाणी कुठी टपकते.” ते सगळं पाहून झाल्यावर तू हात लावलास, आणि मग एकदा ठेवलेली वस्तू तुला पुन्हा हलवावी लागली नाही.

माझी देवदारी खोकी तू खोलीच्या मधोमध रचलीस. काहींची तोंडं माझ्याकडं, काहींची तुझ्याकडं. माझ्या बाजूला बाटल्या आणि पट्ट्या, तुझ्या बाजूला पाट्या आणि पुस्तकं. मी म्हटलं, आणखी चढव, पूर्ण आड होऊ दे. तू खांद्याइतकीही चढवली नाहीस. “बसलं का आपापलं एकटं, उभं राह्यलं का दोघी.” माझ्या आयुष्यात मला एकटं बसायची मुभा देणारी आणि उभं राहिलं की सोबत देणारी तेवढी एकच भिंत भेटली.

दिव्याच्या कोनाड्याची पाठ तू पांढऱ्या मातीनं घोटून घोटून अशी गुळगुळीत केलीस की एका चिमणीच्या उजेडात तू वह्या तपासायचीस आणि मी सुईत दोरा ओवायची. खाटा दिवसा भिंतीला उभ्या. मच्छरदाण्या आढ्याला गाठोड्यासारख्या बांधलेल्या, दोरी सोडली की खाली. दाराला तुझ्या जुन्या लुगड्याचा पडदा, त्याला माझ्या फाटक्या पातळाचे काठ शिवलेले. गावातल्या बायकांनी दिलेले वाळल्या भोपळ्यांचे तुंबे, कापून घासून, कशात चमचे, कशात खडू. आणि भिंतीवर तुझ्या पोरींनी कोळशानं आणि गेरूनं काढलेली चित्रं. शाळेत ज्या पोरी तोंड उघडत नसत, त्या आपल्या भिंतीवर सांबर काढायच्या, मोर काढायच्या, एकीनं तर मला काढलं होतं, डोक्यापेक्षा मोठी टोपी घालून.

उन्हाळ्यात डी.डी.टी. मारणारे आले आणि त्यांनी तुझ्या त्या भिंतीवर पांढरे ओघळ सोडले, तेव्हा तू पंप धरणाऱ्याचा हातच पकडलास. मी तुझ्यावर ओरडले. म्हटलं, मच्छर मरतील, चित्रं पुन्हा काढता येतील. ओट्यावर जाऊन आपण संध्याकाळपर्यंत भांडलो. मच्छर मेले नाहीत, वत्सला. तेवढंच सांगायचं होतं.

बाळंतपणाच्या कोपऱ्यावरून तर केवढं भांडण! मी नागपुरात शिकून आलेली. उंच टेबल, पांढरी चादर, हाताशी मांडलेली हत्यारं, सगळं नीट मांडलं आणि वाट पाहत बसले. कोणी येईना. बायका रानात, गोठ्यात अडायच्या, आणि मला बोलावणं यायचं ते सगळं संपल्यावर. एकदा गावातल्या जैनीला तू हाताला धरून आणलंस. दिवस भरत आलेले तिचे. तिनं टेबलाकडं पाहिलं आणि म्हणाली, “एवढ्या उंचावर कोण बाळंत होते?”

ती गेल्यावर तू ते टेबल उचलून ओट्यावर नेलंस. मला न विचारता. कोपरा त्यांच्या घरासारखा लिंपलास, आढ्यावरून दोर सोडलास, कळा येताना धरायला. बाजूला सासूला बसायला फळी. लहानशी चूलही मांडायला निघालीस.

“चूल नाई!” मी म्हटलं. “धुरात मी काय पाहू? लेकराचा श्वास कसा पाहू?”

“थंडीत आणलेल्या बाईले तू चादरीनं गरम करशील?”

चूल शेवटी ओट्याला, दाराच्या तोंडाशी आली. ऊब आत, धूर बाहेर. दोघींचं थोडं थोडं खरं झालं. जैनी त्याच दोराला धरून बाळंत झाली. मुलगी. त्यानंतर बायका येऊ लागल्या. मी किती जणींना सोडवलं याचं लोक कौतुक करतात. त्या आल्याच कशा, हे कोणी विचारत नाही. त्या तुझ्या कोपऱ्यात आल्या, वत्सला. माझ्या हत्यारांपाशी कोणी आलं नव्हतं.

मग जेठात तुझा भाऊ आला. नदीला गुडघाभर पाणी होतं, कोरलेल्या ओंडक्याच्या डोंग्याचं काम फक्त मधल्या धारेत. त्यानं बिजवराचं स्थळ आणलं होतं, आल्या आल्या सांगूनही टाकलं; लग्न दिवाळीनंतर. ब्रह्मपुरीकडचा माणूस, दोन लेकरं, पक्कं घर. पुढचं मला ऐकू जाऊ नये म्हणून तुम्ही नदीवर जाऊन बोललात. तू त्याला डोंग्यात बसवून परत आलीस आणि भात चढवलास. मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

मी काय विचारणार होते? पक्कं घर होतं. तुला आपलं म्हणायला लेकरं मिळत होती. मी तुला थांब म्हणणारी कोण? तुझ्या सोयरिकीत माझ्या नात्याला नावच नव्हतं. म्हणून मी गप्प बसले आणि मनातल्या मनात दिवाळीनंतरची खोली पाहू लागले. अर्धी खोकी रिकामी. एकच मच्छरदाणी.

आणि नेमकं तेव्हाच तुला खिडकी हवी झाली. नदीकडच्या भिंतीला खिडकी काढू, असं तू आल्यापासून म्हणत होतीस. पण आता तू हट्टालाच पेटलीस. पुसूकडून बांबूच्या कामट्या आणून ठेवल्यास. पुसू म्हणजे गावचा गायता, सगळ्या गावाचं पाहणारा म्हातारा. तो तुझं सगळं ऐकायचा. मी म्हणायची, पावसाचा मारा त्याच बाजूनं आहे, कुडाची भिंत बसेल. तू म्हणायचीस, वर छपरी ओढू. मी म्हणायची, मच्छर येतील. तू म्हणायचीस, जाळी लावू. असं करता करता एका दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं.

“तुले जायाचंच आहे तं भिंत काऊन फोडून राह्यली?”

 तू ओट्यावरून उठून आत गेलीस. आपल्या नियमाप्रमाणं भांडण तिथं संपलं. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि नदी चढली.

श्रावणात गावचं गाव हिवतापानं पडलं. घरोघर फिरून मी कुनैन वाटत होते आणि तू माझ्यामागं कंदील आणि पाण्याचा तांब्या घेऊन चालत होतीस. नवं कुनैन नदीपलीकडं अडकलेलं. मग तू पडलीस. उरलं होतं ते सगळं तुला दिलं. तू उलटून टाकलंस. पुन्हा दिलं. पुन्हा उलटलंस. मग द्यायला काही राहिलं नाही.

पुसू आणि गावातले गडी कुनैन आणायला डोंगा घेऊन गेले. ओंडके वाहत येत होते; एका ओंडक्यानं डोंगा उलटा केला आणि ते पोहत परत आले. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेले, पुन्हा परत आले. पुसू ओट्यावर येऊन बसला. अंगावरून पाणी निथळत होतं. माझ्याकडं न बघता म्हणाला, “नदी नाही म्हणते, बाई.”

मी त्याच्या अंगावर धावून गेले. म्हणाले, पुन्हा जा. तो उठला आणि खरंच पुन्हा गेला. त्या म्हाताऱ्याला मी मरायला पाठवत होते आणि तो जात होता. वाटेतून मीच त्याला परत आणलं.

तुझा ताप डोक्यात गेला होता. तू कधी शाळेत होतीस, कधी आईशी बोलत होतीस. मी तुझ्या बाजूला जमिनीवर बसले की मला न ओळखून तुला घाबरल्यासारखं व्हायचं, मी उठून खोक्यांआड औषधाच्या बाजूला गेले की तू ओरडायचीस. एकदा अगदी शुद्धीतल्यासारखी म्हणालीस,

“सुभद्रे, ती खोकी सरकव वं. मले तू दिसून नाई राह्यली.”

मी खोकी काढली. एकेक करून सगळी भिंतीपाशी नेऊन टाकली. बाटल्या फुटल्या, तुझ्या पाट्या फुटल्या. मधे काही राहिलं नाही. तू मान वळवून पाहिलंस आणि म्हणालीस, “हाव. आता दिसते.” त्यानंतर तू बोलली नाहीस. भर दुपारी गेलीस. बाहेर ऊन पडलं होतं. इतक्या दिवसांनी पडलेलं ऊन आणि पोरी ओट्यावर ओले केस वाळवत बसलेल्या.

लाकूड ओलं होतं. गावानं आपापल्या वळचणीखाली पावसाळ्यासाठी ठेवलेलं सुकं लाकूड आणलं. कोणी भारा, कोणी चार काटक्या. त्यांच्या चुली त्यानंतर किती दिवस धुमसत होत्या, मी पाहिलं आहे. नदीकाठी उंचावर तुला ठेवल्यावर पुसूनं विचारलं, “तुमच्यात आग कोण देते?”

“भाऊ. नाईतर मुलगा.”

“तिचा इथं कोण आहे?”

मी म्हटलं, “मी.”

“मग दे,” तो म्हणाला.

बायकांनी अग्नी द्यायचा नसतो, हे मला माहीत होतं. तुलाही. पण तिथं तसं म्हणायला कोणी नव्हतं. मी दिला. माझ्या नात्याला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी जागा दिली, आणि ती अशी दिली.

परत येऊन मी खोली मोडली. याची मला लाज वाटत नाही. पडदा ओढून फाडला. तुंबे ओट्यावरून खाली फेकले. दोर कापला. भिंतीवर पाणी ओतलं आणि पोतेऱ्यानं सांबरं, मोर, सगळं पुसून काढलं. तू लावलेली एकही वस्तू तिच्या जागी राहू नये असं मला झालं होतं. तू नाहीस आणि चमचा मात्र तू ठरवलेल्या ठिकाणी सापडतो, हे मला सोसेना. हात घातला की कात्री तिथं, काडेपेटी तिथं. सगळ्या घरानं तुझं ऐकायचं आणि तू उत्तर द्यायचं नाही, हे कसं चालेल? खोली पुन्हा हिरड्याचं गोदाम झाली. मी मधोमध बसले. वाटलं, आता बरं वाटेल. नाही वाटलं.

पाणी उतरलं तेव्हा पहिल्याच डोंग्यातून तुझा भाऊ आला. त्याला काही माहीत नव्हतं. डोंग्यातूनच हात हलवत होता. तुझ्यासाठी चिवडा आणि नवं लुगडं आणलं होतं. मी काठावर उभी होते. मला काही बोलावं लागलं नाही. तू माझ्या शेजारी नव्हतीस, तेवढ्यावरून त्याला कळलं. डोंग्यातून उतरला तो पाण्यातच खाली बसला.

संध्याकाळी तो खोलीच्या दारात आला. आत नजर फिरवली. रिकाम्या भिंती, कोपऱ्यात खोक्यांचा ढीग.

“बाई, माही बहीण इथी राहत होती?”

“हाव, भाऊ.”

“सारखी म्हणत होती, आमची खोली पाहाले ये, आमची खोली पाहाले ये.” त्यानं उंबऱ्यावरून आत पाऊल टाकलं. “कुठी बसत होती ते? दाखवा तं मले.”

आणि दाखवायला काहीच नव्हतं, वत्सला. मी त्याला हातानं दाखवत फिरले. इथी खोकी होती. इथी तिची पुस्तकं. इथी उभं राह्यलं का मी तिले दिसो. तो माझ्यामागं फिरत होता आणि मोकळ्या जागेकडं असा पाहत होता, जणू काही तिथं काही आहे. मग त्यानं सदरा काढून ठेवला आणि एक खोकं उचललं. “कुठी ठेवू?”

आम्ही लावायला घेतली. शेतकऱ्याचा दणकट हात, खोकी सहज उचलत होता. पण रचली की ती हलत होती. तू खाली काय घातलं होतंस, कुठलं खोकं पायाशी ठेवलं होतंस, मला आठवेना. दिवसभर पाहिलेली, रोज हात टेकलेली ती भिंत, आणि मला आठवेना. शेवटी जशी उभी राहिली तशी राहू दिली. वाकडी आहे. धक्का लागला की खडखडते.

तो दमून बसला. मी चहा दिला. मी म्हटलं, “त्या ब्रह्मपुरीच्या लोकाइले आता कळवा लागंन.”

त्यानं मान वर केली. “त्याइचं काय? तिनं तं तवाच नाई म्हटलं. डोंग्यात बसता बसता. म्हणे, त्याइले सांग, माह्यं घर झालं आहे. एक खिडकीच काढाची राह्यली.”

मी उठून नदीकडच्या भिंतीपाशी गेले.

जेठापासून श्रावणापर्यंत तू मला हे सांगितलं नाहीस. का ग? मी विचारीन म्हणून थांबली होतीस? की तू भिंत फोडायला निघालीस यातच तू सांगितलं होतंस, आणि मला ते कळलंच नाही? तू राहणार होतीस. सारा पावसाळा मी तुझ्या जाण्याचा शोक करत बसले आणि तू राहणार होतीस. आणि गेलीस. आता हे मी कुठं जाऊन भांडू? ओट्यावर तर मी एकटीच बसते.

भाऊ सकाळी परत गेला. जाताना म्हणाला, तिचं काही द्या. मला तुझं एकटीचं असं काही सापडेना. ते नवं लुगडंच त्याच्या पिशवीत परत घातलं.

भाऊ आला त्याच डोंग्यातून कुनैनचं खोकंही आलं होतं. लाखेनं बंद केलेलं, भरलेलं. ते मी ट्रंकेमागं ढकलून दिलं. दोन दिवस त्याच्याकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी जैनी तिच्या मुलीला घेऊन आली. ती मुलगी आता धावायला लागली आहे. पण त्या दिवशी चिंधीसारखी आईच्या खांद्यावर लोंबत होती. अंग निखाऱ्यासारखं. मी खोकं ओढून फोडलं. गोळी कुटली, मधात दिली. रात्रभर, दुसऱ्या दिवशीही देत राहिले. ती ओकली नाही, वत्सला. तिनं सगळं पोटात ठेवलं.

पुढल्या दिवशी दुपारी तिला घाम फुटला. तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. जैनी माझ्या पायांवर वाकली. आणि मी तिच्यावर किंचाळले. म्हटलं, “ऊठ! जा इथून! घेऊन जा तिले!” इतकी वर्षं लेकराचा ताप उतरला की मला जे होत असे, ते मला झालं नाही. मला राग आला. त्या पोरीचा राग आला मला, की हिला औषध मिळालं. एवढ्याशा जिवाचा. मी त्या जमिनीवर बसले आणि ओरडून रडले. तुला अग्नी देतानाही रडले नव्हते अशी.

मला वाटलं, जैनी घाबरून निघून जाईल. ती दारापर्यंत गेली. मुलीला ओट्यावर सावलीत निजवलं, पदरानं तिचा घाम टिपला. मग परत आत आली, माझ्याजवळ जमिनीवर टेकली, आणि ऊन कलेपर्यंत बसून राहिली.